झटकमायची चूल

परवा यवतमाळात एका कार्यक्रमाला गेले होते. निवृत्त शिक्षकांना पुढच्या खुर्च्यांवर बसवतात, शाल देतात आणि मग तासभर भाषण ऐकवतात, तसला कार्यक्रम. शाळांमध्ये सकाळची मोफत न्याहारी सुरू करणार म्हणून एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "या जिल्ह्यातल्या लेकरांच्या सकाळच्या पोटाचा विचार आजवर कुणी केलाच नव्हता." टाळ्या पडल्या. माझं डोकं असं भडकलं, की अंगावरची शाल खुर्चीवर टाकली आणि उठून बाहेर आले. शेजारच्या बाई कुजबुजल्या, "काय हो, बरं वाटत नाही का?" म्हटलं, "नाही वाटत."

कुणी केला नव्हता म्हणे! डोंबल तुमचं. केला होता. एका बाईनं केला होता आणि कुणी सांगितलं नसताना केला होता. तिला कुणी शाल दिली नाही. तिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली.

पांढरकवड्याहून आत एक फाटा फुटतो, तिकडचं ते गाव. नाव सांगत नाही, कारण त्यातले निम्मे लोक अजून जिवंत आहेत. मी तिथं प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. माझं माहेर-सासर दोन्ही कचेरीवाल्यांचं, घरात कापूस पाहिला तो वातीपुरता. बदलीची ऑर्डर हातात पडली तेव्हा रडले होते. गावात खोली मिळाली ती नेमकी तिच्या घरासमोर.

तिचं नाव अनसूया. गाव तिला अन्सुबाई म्हणे आणि पोरं म्हणत झटकमाय. उंच, हाडकुळी, आवाज असा की एसटीचा ड्रायव्हर वळणावर असला तरी थांबायचा. लुगड्यावर बाराही महिने एक खाकी कोट घाले. नवरा सरकी काढायच्या कुठल्याशा जिनिंगवर चौकीदार होता, त्याचा तो कोट. नवऱ्याबद्दल मी एकदाच विचारलं. "होता. मंग नोता," म्हणाली आणि तंबाखूची गुळणी टाकायला उठून गेली. शेत नाही, वाडी नाही, मूलबाळ नाही. एक मातीचं घर, समोर सारवलेली ओसरी आणि ओसरीवर दोन तोंडांची चूल.

थंडीतच रुजू झाले, त्या गावातली माझी पहिली सकाळ मला लख्ख आठवते. अजून नीट उजाडलेलं नाही आणि समोर गलका. खिडकी उघडली तर तिच्या दारात पोरांची ही रांग. दोन-दोन पोरं जोडीनं उभी आणि एकमेकांना बदडतायत! पाठीवर, डोक्यावर, चड्डीवर, फ्रॉकवर सटासट हात मारतायत आणि दारात ती खाकी कोटवाली उभी राहून ओरडतेय, "झटक! अजून झटक! त्याच्या मानेपाशी पाह्य ना बे, तिथं का तुया बाप झटकणार हाय?" मला वाटलं ही बाई पोरांची मारामारी लावून मजा बघते की काय. तशीच धावत गेले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "नव्या मॅडम व्हय? पायता काय नुसत्या? त्या लहानीले झटका."

मी झटकलं. त्या पोरीच्या पाठीवरून कापूस उडाला.

ते दिवस तसे होते. कापूस अमाप आणि भाव मातीमोल. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात, तेही पहिल्या पानावर, आणि का ते मी इथं पुन्हा उगाळत बसत नाही. आज ना उद्या भाव चढेल म्हणून लोक कापूस विकत नसत, घरात भरून ठेवत. बाहेरच्या माणसाला हे सांगून कळत नाही. घरात कापूस म्हणजे कोपऱ्यात एखादं पोतं नव्हे. मधल्या खोलीत आढ्याला टेकेल एवढा ढीग. माणसं भिंतीला अंग घासून चालत, पोरं त्या ढिगावरच झोपत. केसांत कापूस, नाकात कापूस, अंगभर खाज. आणि घरात कापूस भरला की आत चूल पेटत नसे. हा नियम कुणी कुणाला शिकवला नव्हता, तो गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता. संध्याकाळी अंगणात लांबवर तीन दगड मांडून काय ते रांधायचं आणि विस्तव पाणी मारून विझवायचा. सकाळी तर दव असतानाच बाया वेचणीला निघत. अंधारात, गारठ्यात अंगणात चूल पेटवायला सवड कुणाला? रात्रीची भाकर फडक्यात बांधून त्या जात. मागे पोरं. शाळा साडेदहाला, खिचडी त्याच्याही पुढं दुपारी. अंगणवाडी अकराला उघडे, तीही उघडली तर.

अख्ख्या गावात कापूस नसलेलं घर एकच होतं. जिच्याकडे शेतच नाही तिच्या घरात कापूस येणार कुठून? म्हणून सकाळी बेधडक पेटणारी चूलही एकच. बाया जाता जाता पोरं तिच्या ओसरीवर टाकून जात. कडेवरची झोळीत, चालती खाली. शाळेची वेळ होईपर्यंत ती तिथंच. तिनं दारावर पाटी लावली नव्हती, की कुणाला विचारून हे सुरू केलं नव्हतं.

लोकांना वाटायचं, एवढं विस्तवाला भिते तर हिच्या घरी कधीतरी काहीतरी जळलं असणार. मी विचारलं होतं. तसलं काही नव्हतं. "भाजल्यावरच समजते का मॅडम? डोये कायले देल्ले मंग?" म्हणाली.

तिच्याकडे यायचं तर दोन गोष्टी आणायच्या. एक पऱ्हाटी आणि एक मूठ पीठ. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळकं झाड, गेल्या सालचं, जळणाला प्रत्येकाच्या परसात रचलेलं. पीठ ज्वारीचं असो, गव्हाचं असो, कसलंही. ज्याच्या घरी पीठ नसेल त्यानं नुसती पऱ्हाटी आणावी. ज्याच्याकडे तीही नसेल त्याला ती दारातून परत पाठवी, "जाय, नाल्याकडून काडी घेऊन ये. हात हालवत येऊ नोको." पोरगं वितीएवढी काटकी घेऊन येई आणि साहेबासारखं आत शिरे. सगळं पीठ एका कढईत. कांदा, मिरची, चमचाभर तेल, आणि ते पीठ खरपूस भाजून त्याची उकडपेंडी. ओसरीवर चढण्याआधी वासानंच पोरांची भांडणं थांबत. दात नसलेल्यांना पातळ कण्या. भरवणं मात्र प्रेमाबिमाचं नाही. तोंड धुवायची तर भांडं घासल्यासारखं. "गियं! गियं म्हनतो ना! थुकशीन त तुह्या मायच्या पदरात थुक, माया कोटावर नाई." पोरं हसत आणि गिळत.

आणि झटकणं. ते जोडीनंच. मी एकदा म्हटलं, मोठी पोरं स्वतःची स्वतः झटकतील की, वेळ वाचेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चौथीत नापास झालेय. "आपली पाठ आपल्याले दिसते का? हात पुरते का तिथंपर्यंत?" तिच्या ओसरीवर एकटं पोर चुलीजवळ जात नसे. आधी कुणाला तरी पाठ द्यायची, मग आत.

तिथं पऱ्हाटी घेऊन येणाऱ्यांत माझ्या वर्गातली मंदा होती. तिसरीतली. कडेवर भाऊ गुड्डू, तिच्याच निम्म्या वजनाचा. ती न चुकता दोन पऱ्हाट्या आणी, एक स्वतःची, एक त्याची. गुड्डूला पाठ झटकता येत नसे, तो नुसता थापट्या मारी, तर झटकमाय म्हणे, "ह्या जोडीचं काई खरं नाई," आणि मंदाची पाठ स्वतः झटके. मंदा अभ्यासात बरी, हिशेबात कच्ची. पण वर्गात डबा, पेन्सिल, काही कुणाचं हरवलं की तिलाच सापडे. लक्ष असायचं पोरीचं.

गावात एक मोठं घर होतं, नाव नको. तिथली सूनबाई शेतावर मजुरांवर लक्ष ठेवायला पहाटेच जाई आणि तिच्या घरी तर कापूस सगळ्यांहून जास्त. तिनं आपल्या मुलाबरोबर पीठ पाठवलं ते वेगळ्या फडक्यात बांधून, आणि निरोप की याचं वेगळं करा. का, ते सांगायला नको. कढईत पोडावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या आदिवासी वस्तीतल्या कोलामांचं पीठ, बौद्धपुऱ्यातलं पीठ, सगळं एकत्र ना! झटकमायनं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. सूनबाई वेचणीवरून परतताना तिला भर रस्त्यात थांबवलं, तिच्या देखत ते फडकं सोडलं आणि पीठ दुसऱ्या पिठात ओतून हातानं कालवलं. "घे. आता काढून दाव, तुयं कोनतं अन् पोडावरचं कोनतं." सूनबाई रागानं लाल. दोन-तीन दिवस पोरगं आलं नाही. मग एका सकाळी आपणहून आलं, बगलेत पऱ्हाट्यांची मोळीच घेऊन. ती फक्त म्हणाली, "लय झाल्या. पाठ दे तिकडं त्या पोट्ट्याले." पाठ दिली त्यानं, एका कोलामाच्या पोराकडे.

'बिचारी' हा शब्द तिला चालत नसे. त्या दिवसांत पेपरवाले जीपा घेऊन येत, दुःखी चेहरे हुडकत हिंडत. एक तिच्या ओसरीवर आला आणि म्हणाला, "बिचारी उपाशी मुलं." झालं! "बिचारे कायले? आताच दोन-दोन वाट्या हानल्या त्यायनं. तू खाऊन आला का? नाई ना? मंग तू बिचारा. काडी आन, देतो तुले बी." तो गेला तो पुन्हा आला नाही.

आणि मग संस्था आली.

यवतमाळची नव्हे, त्याहून मोठ्या शहरातली. अध्यक्षा ताई, बिनबाह्यांच्या जाकिटातला एक चिटणीस, जीप आणि एक भलंमोठं कापडी बॅनर : 'मोफत न्याहारी'. शाळेत बैठक झाली. हेडसर खुशीत, सरपंच खुशीत. मीही खुशीत होते, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, शाळेतच सोय होतेय, चांगलंच आहे, झटकमायला मदत होईल. तीही आली होती. खाकी कोटात, मागच्या भिंतीला टेकून. तिनं हात वर केला.

"किती वाजता देनार?"

"साडेनऊला," चिटणीस म्हणाला.

"माया जाते दव असते तवा. तथून तुमच्या साडेनऊपर्यंत पोट्टे कुठं ठेवू? खुटीले टांगू?"

चिटणीस हसला. वेळ संस्थेच्या नियमानं ठरते म्हणाला.

"अन् लहाने? कडेवरचे?"

"शाळेत नाव असलेल्या मुलांसाठीच योजना आहे, मावशी. लहान मुलं योजनेत बसत नाहीत."

"योजनेत बसत नाई त कुठं बसतीन? माया मांडीवरच बसतेत अजून! असं कर ना बापू, तुमी पीठ-तेल द्या, मी पाहाटेपासून करतो. माई चूल हायच पेटलेली."

अध्यक्षा ताई फार गोड बोलत. त्या म्हणाल्या, आपण नोंदणी झालेल्या गटामार्फतच काम करतो, एकट्यादुकट्या खाजगी बाईला देता येत नाही. आणि आता सगळं मोफत आहे, मुलांना काड्या नि पीठ आणायला लावणं बरं नव्हे, हे एक प्रकारचं शोषणच आहे. शोषण! तो शब्द तिला कळला नाही, पण सूर बरोब्बर कळला. ती उठून गेली. हेडसर म्हणाले, "धंदा बुडतो ना तिचा." तिचा धंदा! मूठभर पिठाचा धंदा! त्या माणसाच्या तोंडाकडे बघून माझे हात शिवशिवले होते. आजही शिवशिवतात.

उद्घाटनाच्या दिवशी जे झालं ते सांगते. शाळा जुनी, कौलारू. दोन खोल्या वर्गाच्या, एक मागची रिकामी. रिकामी कसली? त्या साली तिच्यात सरपंचांचा कापूस भरला होता. घरात मावेना म्हणून शाळेत. मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती, वर हात जाईल एवढी फट. पलीकडे ठासून कापूस. आणि अलीकडच्या खोलीत, वर्गात, विटा मांडून भट्टी पेटवली! बाहेर का नाही? बाहेर मांडव होता, पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या, ताईंच्या डोळ्यांत धूर गेला असता. तिथं गावातली पन्नास शहाणी माणसं उभी होती. स्वतःच्या घरात यातल्या एकानंही काडी ओढली नसती. पण शाळा म्हणजे कुणाचं घर थोडंच? शाळेला कुणी घर समजलंच नाही, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझंही लक्ष पोरांच्या रांगेकडे होतं आणि भट्टी पेटलेली मला धूर आल्यावर कळली.

मी आत धावले तोवर झटकमाय पोचली होती. दोन्ही हातांत शाळेच्या हौदावरच्या भरलेल्या बादल्या. एक भट्टीवर, एक पातेल्यावर. फस्सकन धूर, राख, उपमा, सगळं वर उडालं. अध्यक्षा ताई पाहायला दारात आल्या होत्या, त्यांच्या पैठणीवर राखेचे शिंतोडे.

"इकडं कापूस, इकडं आग!" ती भिंतीच्या फटीकडे हात करून ओरडली. "वर पाह्य बे सरपंचा! तुह्या घरात पेटवतं का असं? लोकायच्या पोट्ट्यायले भुजाले बसले का इथं?"

सरपंचांनी वर पाहिलं. त्यांना दिसलं. सगळ्यांना दिसलं. मला वाटलं, आता कुणीतरी तिचे पाय धरेल. अरे हट्! चिटणीस कपडे झटकत होता, हेडसर ताईंना रुमाल देत होते. पोरं रिकाम्या ताटल्या घेऊन घरी गेली, आणि संध्याकाळपर्यंत गावभर एकच झालं, की पोटावर पाय आला म्हणून अन्सुबाईनं लेकरांच्या अन्नावर पाणी ओतलं. पोलिसांत तक्रार गेली. जमादार चौकशीला आला, तिनं त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो हसला आणि कागद घडी करून घेऊन गेला.

पण संस्थेनं अट घातली. गावात त्या बाईकडे जाणाऱ्या मुलांची जबाबदारी आम्ही घेणार नाही, नाव एकाच ठिकाणी राहील. हेडसरांनी वर्गावर्गात सांगितलं, जो तिकडं खाईल त्याचं नाव इथून कापलं जाईल. मी त्यांच्याशी भांडले. मला मेमो मिळाला. बाया तिच्या दारी आल्या, कुणी रडत, कुणी खाली मान घालून. सरकारदरबारी नाव कापलं जाणं म्हणजे काय, हे त्या बायांना आपल्याहून चांगलं ठाऊक असतं. झटकमायनं एकीलाही शिवी दिली नाही. जन्मात पहिल्यांदा. "जा," म्हणाली, "खाऊ द्या त्यायले तिकडं. मोफत हाय."

मोठी पोरं थांबली तशी लहानगीही थांबली, कारण लहानग्याला सोडायला त्या ओसरीवर नुसतं दिसलं तरी मोठ्याचं नाव कापतील, ही बायांना धास्ती. ती पहाटेपासून बहिणींच्या कडेवर शाळेच्या पायरीवर बसून राहत. शाळेतला स्वयंपाक तर उद्घाटनापासून बंदच झाला होता. साडेनऊला जीप येई, बिस्किटांचे पुडे वाटी, फोटो काढी आणि जाई. मंदाला पुडा मिळे, गुड्डूला नाही. ती अर्धी बिस्किटं फ्रॉकच्या झोळीत टाकून पायरीवर त्याला देई. मी पाहत होते. मी माझ्याजवळचं काहीबाही देई, पण एका मास्तरणीच्या डब्यानं काय होतंय?

समोर झटकमायची चूल रोज पेटे. जुन्या सवयीनं ती दारात येऊन उभी राही. मला विचारे, "पोट्टे खाऊन राह्यले ना वो मॅडम?"

संक्रांत झाली आणि जीप येईनाशी झाली. कळवणं नाही, काही नाही. पेपरांतून आमच्या जिल्ह्याचं नाव मागच्या पानावर गेलं होतं, त्याच सुमाराला, हा योगायोग समजायला मी काही दूधखुळी नाही. पोरं पायरीवर वाट बघत. हेडसर म्हणत, "उद्या येईल." मी झटकमायला सांगितलं तशी ती तरातरा शाळेत आली. "पोट्टे मायाकडं धाड," म्हणाली. हेडसर म्हणाले, "गाडी उद्या येणार आहे, नावं कापली गेली तर तू जबाबदार." ती बायांकडे गेली. बाया म्हणाल्या, "उद्याचा दिस पायतो, अन्सुबाई. इतके दिस थांबलो." पुन्हा उद्या. पुन्हा उद्या. असं करता करता थंडी वाढली, वारा सुटला.

अशाच एका सकाळी मंदानं चूल पेटवली.

घरात नाही पेटवली. नीट ऐका, कारण नंतर सगळ्यांनी खोटं सांगितलं. तिनं अंगणात, घरापासून लांब, तीन दगडांची चूल पेटवली. मूठभर पीठ घेतलं होतं, गुड्डूला कण्यांसारखं काही पातळ करून घालायला. गुड्डूला आधी रस्त्याच्या कडेला नेऊन बसवलं. त्याला झटकलं होतं. शेजारची म्हातारी सांगत होती, की पोरीनं त्याला उभा करून चांगला बदडला, मान, डोकं, चड्डी, सगळं. मग ती चुलीपाशी आली. रात्रभर ती कापसाच्या ढिगावर झोपली होती, आणि तिची पाठ झटकायला कुणी नव्हतं. वारा फिरला.

म्हातारीच्यानं उठवेना. ती ओरडली. झटकमाय गावाच्या या टोकाहून त्या टोकाला पळत गेली, कोट काढून पोरीवर टाकला. बैलगाडीनं फाट्यापर्यंत, तिथून पांढरकवड्याला दवाखान्यात. मंदा वाचली नाही.

घर वाचलं. कापूस सगळा वाचला.

शाळेत शोकसभा झाली. संस्थेची जीप त्या दिवशी बरोबर आली, साडेनऊला. बॅनर अजून तिथंच लटकत होतं. हेडसर म्हणाले, अशिक्षित पालकांचं दुर्लक्ष, मुलांच्या हाती आगपेटी, आपण सर्वांनी बोध घ्यावा. मंदाची आई खाली बसली होती, पदर तोंडात कोंबून. तेवढ्यात मागून झटकमाय पुढं आली. अंगावर कोट नव्हता, तेव्हा मला कळलं की ती किती वाळकी होती. मला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करणार. ती हळू बोलली. तिला हळू बोलता येतं हे गावाला त्या दिवशी समजलं.

"पोरगी अडानी नोती," म्हणाली. "तिले सारं मालूम होतं. भावाच्या अंगावर कापसाचं एक रोम नोतं, पायलं म्या. एकटी पडली थे. तुमी केली तिले एकटी."

एवढंच. चिटणीस जमिनीकडे बघत होता. पुढं कुणावर काही झालं का? छे! हेडसर बढती घेऊन गेले. सरपंचांचा कापूस होळीआधी विकला गेला. आणि परवाच्या त्या मांडवात लोक सांगतात, की कुणी विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खिडकी उघडली तर समोर रांग होती. कुणी बोलावलं नव्हतं. बाया स्वतः पोरांना घेऊन उभ्या, प्रत्येकाच्या हातात पऱ्हाटी. नावं कापायची तर कापा म्हणाल्या. ती मोठ्या घरातली सूनबाईही होती. नावं कुणी कापली नाहीत.

माझी बदली पुढच्या थंडीत झाली. निघायच्या दिवशी पहिली गाडी पकडायची म्हणून पहाटेच ट्रंक घेऊन बाहेर पडले. समोर अजून पोरं यायची होती. ओसरीवर फक्त झटकमाय आणि गुड्डू. तो आता तिच्याकडेच असायचा दिवसभर. चूल रचलेली होती, पेटवलेली नव्हती. तिच्या अंगावर तो कोट होता, एक बाही जळून आखूड झालेली. तिच्या घरात कापूस नव्हता, कधीच नव्हता, अंगावर कापसाचं रोम असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी ती त्या पोराकडे पाठ करून उकिडवी बसली होती आणि तो दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन, तिची पाठ झटकत होता. थांबतच नव्हता.

"झटक," ती म्हणत होती. "अजून झटक, बापू. झालं असं तुले वाटन ना, तवाच मी काडी ओढतो."